बालवाडीतली पद्धत कोणी ठरवायची?

दिवाळी संपली की मुंबईत नर्सरीच्या प्रवेशांची धावपळ सुरू होते आणि तिच्याबरोबर एक वादही दरवर्षी नव्याने पेटतो. माँटेसरी (ठरावीक साधनं हाताळत मुलाने स्वतः शिकायची पद्धत) चांगली की प्लेवे (खेळातून शिक्षण)? फोनिक्स, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचन, शिकवतात का? ज्युनिअर केजीत लिहायला लावतात की नाही? एक गट म्हणतो, तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देणं हा अन्याय आहे, या वयात फक्त खेळ हवा. दुसरा गट विचारतो, खेळायचंच असेल तर सोसायटीचं आवार आहेच की, मग एवढी फी कशासाठी? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा सलग 'पायाभूत स्तर' मानला आणि या वादाला सरकारी वजनही मिळालं. आता दोन्ही गट धोरणातली आपापल्या सोयीची वाक्यं काढून एकमेकांना दाखवतात.

दोन्हीकडची कळकळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही हा वाद ज्या तऱ्हेने घातला जातोय, त्यातून मुलांच्या हाती काही लागणार नाही असं माझं ठाम मत आहे. पद्धत ही संस्थेने पाटीवर रंगवायची, सरकारने शासन निर्णयात बांधायची किंवा पालकांनी माहितीपत्रक वाचून पसंत करायची गोष्टच नव्हे. काय शिकवायचं आहे, समोर कोणतं मूल आहे, ते घरी कोणती भाषा बोलतं, खोलीत किती मुलं आहेत, यावर पद्धत ठरते आणि एकाच सकाळी ती तीनदा बदलू शकते. ती निवड करू शकणारी एकच व्यक्ती त्या खोलीत असते, ती म्हणजे ताई, वर्गाची शिक्षिका. आणि सगळ्या वादात तिचं नाव कोणी घेत नाही.

गोवंडीतल्या एका बालवाडीत पाहिलेला प्रसंग सांगते. समाजमंदिराची खोली, एका भिंतीला मंडळाचं सामान रचलेलं, उरलेल्या जागेत सतरंजी. मोठ्या गटातला एक मुलगा चिंचोके मोजत होता. तोंडाने 'एक, दोन, तीन, चार' अगदी सफाईने चाललेलं, बोट मात्र स्वतःच्या लयीत. एका चिंचोक्यावर दोन आकडे पडत होते, मधले दोन चिंचोके सुटत होते. ताई 'चूक' म्हणाली नाही आणि 'शाब्बास'ही म्हणाली नाही. तिने अंड्यांचा पुठ्ठ्याचा रिकामा ट्रे पुढे सरकवला. "एका खड्ड्यात एकच ठेव. ठेवशील तेव्हा आकडा म्हण." आता बोट आणि तोंड जुळलं. सातवर गाडी थांबली. ताईने विचारलं, "म्हणजे किती झाले?" आणि तो मुलगा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. पाहणाऱ्याला वाटेल, हे तर आलं की त्याला. ताईला मात्र नेमकं कळलं होतं की आकडे म्हणता येतात, एकास एक लावताही येतं, पण शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच सगळ्यांची संख्या, हे अजून उमगलेलं नाही. खाऊच्या वेळी तिने त्यालाच वाट्या आणायला पाठवलं: "या रांगेत किती जण बसलेत बघ, तेवढ्याच आण. जास्त नको, कमी नको."

त्याच ताईने त्याच सकाळी मोठ्या गटाला 'म' हे अक्षर शिकवलं ते मात्र अगदी सरळ. फळ्यावर काढलं, आवाज काढून दाखवला, मुलांकडून म्हणवून घेतला, मामा, मासा, मावशी असे शब्द मुलांनीच ओरडून सांगितले, मग धुळपाटीवर बोटाने गिरवून घेतलं. पंधरा मिनिटांत आटोपलं. त्यानंतर बराच वेळ मुलं बाहुलीकोपऱ्यात आणि ठोकळ्यांत स्वतःची स्वतः होती आणि ताई फक्त फिरत, ऐकत होती. आता या बालवाडीत कोणती पद्धत चालते म्हणायचं? खेळाची? थेट शिकवण्याची? माँटेसरीची?

पद्धतींच्या कैवाऱ्यांना हा प्रश्न अडचणीचा वाटतो, कारण शिकण्याच्या गोष्टी एका जातीच्या नसतात हे ते विसरतात. अक्षर आणि ध्वनी यांचं नातं हा माणसांनी ठरवलेला संकेत आहे. 'म' या आकृतीत 'म्' हा आवाज दडलेला नाही. मूल कितीही खेळलं, कितीही हुशार असलं तरी ते नातं त्याला आपोआप सापडणार नाही. कोणीतरी सांगावंच लागतं आणि सांगायचं तर स्पष्ट, थोडक्यात, पुन्हा पुन्हा सांगणंच बरं. संख्येचं उलट आहे. 'सात म्हणजे किती' हे शंभरदा सांगूनही समजत नाही. हाताने, वस्तूंनी, गरज पडल्यावर ते मुलाच्या आत तयार व्हावं लागतं. बोलण्याची आणखी तिसरीच तऱ्हा. त्याला ऐकून घेणारं, उलट प्रश्न विचारणारं मोठं माणूस लागतं. आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हवं ते मिळालं नाही तरी सावरणं, दुसऱ्याला काय वाटत असेल याचा अंदाज बांधणं हे भातुकलीत आणि ठोकळ्यांच्या भांडणात जेवढं शिकलं जातं तेवढं कोणत्याही पाठात शिकलं जात नाही. या चारही गोष्टींना एकच पद्धत लावा म्हणणं अडाणीपणाचं आहे, मग ती पद्धत कितीही प्रेमळ असो.

अक्षरांचंच थोडं पुढे पाहू, कारण मराठी मुलांच्या बाबतीत इथे फार नुकसान होतं आणि त्यावर कोणी भांडत नाही. आपली वर्णमाला ही उच्चारशास्त्राची अप्रतिम मांडणी आहे: कंठातून सुरू होऊन ओठांपर्यंत येणारे वर्ग, प्रत्येक वर्गात अल्पप्राण-महाप्राणाची ठरलेली जागा. पण ती ज्याला भाषा कळते त्याने केलेली मांडणी आहे. वाचायला शिकणाऱ्या चार वर्षांच्या मुलाने त्याच क्रमाने जावं असं त्यात कुठेही नाही. क, ख, ग, घ करत जाणाऱ्या मुलाला 'ङ'ही घोकावा लागतो, जो त्याला पुढे क्वचितच लागणार आहे. 'ण' आणि 'ळ' यांनी मराठी शब्द सुरूच होत नाहीत, मग 'बाणाचा ण' आणि 'बाळाचा ळ' अशी कसरत करावी लागते. उलट न, म, क, र, स अशी सतत लागणारी चार-पाच अक्षरं घेऊन त्यांना लगेच काना आणि एखादी वेलांटी जोडली, तर मूल थोड्याच दिवसांत 'नाक', 'मान', 'काका', 'मासा' वाचू लागतं आणि वाचण्याचा आनंद त्याला पहिल्यांदा कळतो. भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहा. ऐरणीचा ऐ, ईडलिंबाचा ई, उखळाचा उ, एडक्याचा ए. मानखुर्दच्या चाळीत वाढणाऱ्या मुलाने ऐरण कुठे पाहिली असणार? त्याच्यासाठी 'ऐ' हा आवाज आणि ते चित्र दोन्ही सारखेच अनोळखी. खेळ की अभ्यास या भांडणात हा प्रश्न बसतच नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी वळत नाही. 'खेळातून शिक्षण' म्हणणारी बालवाडीही तोच तक्ता रंगीत करून लावते.

इंग्रजी माध्यमाच्या ज्युनिअर केजीत तर पेन्सिल धरायच्या आधीच 'स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन, स्लँटिंग लाइन' सुरू होतं. ज्या मुलाच्या घरी मराठी, भोजपुरी किंवा दखनी बोलतात त्याच्यापुढे एकाच वेळी दोन कोडी असतात: हात कसा वळवायचा आणि बाई काय म्हणतायत. त्याने रेघ चुकीची काढली तर ते हाताला जमलं नाही म्हणून की कळलंच नाही म्हणून? हे ओळखायला त्या बाईंना मुलाच्या घरच्या भाषेतले दोन शब्द तरी यायला हवेत आणि ते वर्गात वापरायची परवानगीही हवी. अनेक शाळांत ती नसते.

आता अभ्यासांच्या आधाराने बोलणाऱ्यांकडे वळते. खेळाची बाजू घेणारे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या यप्सिलँटी गावच्या प्रयोगाचा दाखला देतात. १९६७ मध्ये तिथे गरीब घरांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांचे तीन गट केले गेले: एकाला थेट, आखीव शिक्षण, दुसऱ्याला मुलांनी आखणी करून स्वतः करून पाहण्याची हायस्कोप पद्धत, तिसऱ्याला पारंपरिक मुक्त शिशुवर्ग. पुढे तरुणपणी पाहणी झाली तेव्हा थेट शिकवलेल्या गटातली मुलं पोलिसांच्या भानगडीत जास्त सापडलेली दिसली. हा निष्कर्ष हलका नाही. लहानपणी सतत दुसऱ्याच्या हुकमावर चालण्याची काही किंमत असू शकते, हे तो सुचवतो. पण तिन्ही गट मिळून मुलं होती ६८. आणि सुरुवातीची हकिगत सांगायची राहून जाते: तिन्ही गटांतल्या मुलांची बौद्धिक चाचण्यांतली वाढ जवळपास सारखीच होती. याचं कारण शोधायला गेलं तर दिसतं की तिन्हीकडे शिक्षिका जोडीने काम करत होत्या, रोजच्या कामाची आखणी एकत्र बसून करत होत्या आणि ठरावीक दिवसांनी मुलांच्या घरी जात होत्या. हे सगळं तिन्हींत समान होतं आणि आपण मात्र फरकावरच भांडत बसलो.

थेट शिकवण्याचे समर्थक त्याच देशातल्या 'फॉलो थ्रू' या प्रकल्पाकडे बोट दाखवतात. १९६८ पासून चाललेल्या त्या प्रचंड प्रकल्पात पहिल्या तीन-चार इयत्तांतल्या गरीब मुलांसाठीच्या वेगवेगळ्या पद्धतींची तुलना झाली आणि वाचन-गणिताच्या मूलभूत कौशल्यांत थेट अध्यापन सरस ठरलं. हेही खरं आहे. ज्या घरात पुस्तक नाही, ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिथल्या मुलाला 'तुझं तू शोध' म्हणून सोडून देणं ही क्रूरता होऊ शकते, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. पण तिथेही एकाच नावाच्या पद्धतीचे निकाल गावागणिक वेगळे आले. पद्धतीपद्धतींत जेवढं अंतर होतं तेवढंच एकाच पद्धतीच्या दोन ठिकाणांत दिसावं, यातून आपण काय घ्यायचं?

इतिहास याहून बोलका आहे. मुंबईत आज 'माँटेसरी' हे नाव महागड्या फीशी जोडलं गेलं आहे आणि पाटीवर ते लिहायला कोणाची परवानगीही लागत नाही. ६ जानेवारी १९०७ ला मारिया माँटेसरी यांनी आपलं पहिलं बालगृह उघडलं ते रोममधल्या सान लोरेंझो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत, एका भाड्याच्या इमारतीत, आईबाप कामावर गेले की जिन्यांत हुंदडणाऱ्या मुलांसाठी. आपल्या गिरणगावातली चाळच म्हणा ना. तिथे अक्षरं शिकवायचा त्यांचा मुळात विचारही नव्हता. इतक्या लहान वयात ते योग्य नाही असंच त्यांना वाटत होतं. आग्रह धरला तो वस्तीतल्या आयांनी, ज्यांना स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं. बाईंनी आधी हो-नाही केलं आणि मग खरखरीत कागदाची, बोट फिरवून गिरवता येणारी अक्षरं तयार केली. म्हणजे आज ज्यांच्या नावाने 'लवकर अक्षरं नकोत' असं सांगितलं जातं, त्यांनी चार वर्षांच्या मुलांना अक्षरं दिली, आणि ती गरीब आयांचं म्हणणं ऐकून दिली. समोरचं मूल आणि त्याची वस्ती पाहून मत बदलण्याची त्यांची ही तयारी, त्यांच्या साधनांच्या लाकडी पेट्यांपेक्षा मला जास्त मोलाची वाटते.

ताराबाई मोडकांनी हेच आपल्या मातीत करून दाखवलं. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयातलं प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ उभारला. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केला तो मध्यमवर्गीय मुलांसाठी आणि तिथे माँटेसरीची साधनं शोभूनही दिसत होती. १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या तेव्हा चित्र पालटलं. ती महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती आणि मुलांच्या आयुष्याशी त्यांचा संबंधही नव्हता. मग शंख-शिंपले, बिया, पानं, दगडगोटे ही साधनं झाली. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथे जन्मली. कोसबाडला गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी सहकारी अनुताई वाघांसह त्यांनी कुरणशाळा, म्हणजे कुरणातच भरणारी शाळा, काढली. मूल बदललं तशी पद्धत बदलली. ताराबाईंनी 'खरी माँटेसरी' जपायची असं ठरवलं असतं तर दादरच्या बाहेर त्यांना पाऊल टाकता आलं असतं का?

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही सहज झटकण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप खेळवाद्यांचा: शिक्षिकेला मोकळीक दिली तर पालकांच्या दबावाखाली ती लिहून घ्यायलाच लागेल, म्हणून अक्षरांना सरसकट बंदीच हवी. दबाव खराच आहे. तीन वर्षांच्या मुलाचे हात पेन्सिल धरून दुखतात, त्याला गृहपाठ येतो, त्यावरून घरी मार पडतो, हे मुंबईत घरोघर चालू आहे. घाई करून काही मिळत नाही, याला आधारही आहे: न्यूझीलंडमध्ये पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचायला लागलेल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा अकराव्या वर्षापर्यंत दोघांच्या वाचनातला फरक उरला नव्हता. पण उशिरा सुरुवात करणाऱ्या त्या मुलांना पुढे नीट शिकवणारी शाळा होती. आपल्याकडे ग्रामीण भागातल्या 'असर' पाहण्या २००५ पासून सांगतायत की पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. जिथे पुढची शाळा राहिलेलं भरून काढेल याची खात्री नाही, तिथे मोठ्या गटातल्या मुलाला रोज पंधरा मिनिटं अक्षरांची ओळखही नाकारायची, हा निर्णय कोणाच्या मुलांच्या जिवावर घेतला जातो? ज्याच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे त्याला फरक पडत नाही. आणि बंदीने दबाव संपतो हेही खरं नाही; तो शाळेतून निघून शिकवणीत जातो. २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही मुक्त खेळ, मार्गदर्शित खेळ आणि आखीव खेळ अशा तिन्हींना जागा आहे. त्यांचं प्रमाण रोज कोण ठरवणार, हे विचारलं की पुन्हा ताईच समोर येते.

दुसरा आक्षेप पालकांचा. "वहीत काही दिसलं पाहिजे." या मागणीला हसणारे लोक पाहिले की मला राग येतो. धारावीत सकाळी आठला कामावर निघणाऱ्या आईला दिवसभर आपलं मूल काय करतं हे कळायला दुसरा कोणता मार्ग आपण ठेवला आहे? तिच्या हातात येते ती वहीच. तिने त्या वहीवर विश्वास ठेवला तर तो तिचा अडाणीपणा कसा? यावर उपाय म्हणजे दुसरा पुरावा तिला दाखवणं. वर सांगितलेल्या मुलाच्या आईला बोलावून ताईने म्हटलं, "आज हा बरोब्बर नऊ वाट्या घेऊन आला, एकही कमी-जास्त नाही, आता घरी ताटं यालाच मांडू द्या," तर त्या आईला 'प्लेवे' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. पण हे सांगायला ताईला प्रत्येक मूल ठाऊक असावं लागतं आणि आईशी बोलायला वर्ग सुटल्यावर दहा मिनिटं असावी लागतात. व्हॅनवाला हॉर्न वाजवत असतो आणि दुपारची पाळी दारात उभी असते, तिथे ती दहा मिनिटं कुठून येणार?

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. शिक्षिकेवर सोडा म्हणणं सोपं, पण कोणत्या शिक्षिकेवर? बारावी होऊन सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या, तुटपुंज्या पगारावर दोन पाळ्या करणाऱ्या मुलीवर? तिला नेमकं काय बोलायचं ते लिहून दिलेलं बरं, निदान एका पातळीच्या खाली काम जाणार नाही. हा युक्तिवाद गरीब मुलांच्या बाजूने केला जातो आणि त्यात तथ्य आहे. केनियात २०१५ पासून देशभर राबवलेल्या 'तुसोमे' कार्यक्रमात शिक्षकांना पाठांचं मार्गदर्शक पुस्तक दिलं गेलं आणि मुलांचं वाचन खरोखर सुधारलं. तयार आराखडा हातात असणं यात कमीपणा नाही. नव्या ताईला तर तो हवाच. पण त्याच केनियातल्या अनुभवाने आणि अशा इतर देशांतल्या कार्यक्रमांच्या पाहणीने दाखवलं की प्रत्येक वाक्य लिहून दिलेल्या पुस्तकांपेक्षा सुटसुटीत मार्गदर्शिका जास्त उपयोगी पडतात, कारण शिक्षक त्यात आपल्या वर्गाप्रमाणे बदल करतातच. शिवाय तिथे पुस्तकासोबत वर्गात येऊन बसणारी, नंतर बोलणारी माणसंही होती. आपल्याकडे पुस्तक येतं, माणूस येत नाही. २०२३ मध्ये लहान मुलांसाठी 'जादुई पिटारा' नावाची खेळणी-साहित्याची पेटी राष्ट्रीय पातळीवर आली. कल्पना चांगलीच आहे. पण कोणतीही पेटी उघडून कोणत्या मुलापुढे काय ठेवायचं हे माहीत नसेल, आणि मोडलं तर भरून द्यावं लागेल अशी धास्ती असेल, तर ती कपाटात कुलपाखाली राहते. तशा पेट्या मी पाहिल्या आहेत.

शिक्षिका तयार नाही म्हणून तिच्यावर सोडायचं नाही, आणि तिच्यावर काही सोडायचंच नाही म्हणून तिला तयार करायचं नाही, या फेऱ्यात आपण कधीचे अडकलो आहोत. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, तेव्हा प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित हवेत, शेतकरी वर्गातून आलेले म्हणजे मुलांमध्ये मिसळणारे हवेत आणि त्यांचा पगार वाढवायला हवा, हे त्यांनी स्पष्ट मांडलं होतं. पाठ्यक्रमाबद्दलही ते बोलले. पण शिकवणारा माणूस कोण आणि तो कसा जगतो, हे त्यांना तितकंच महत्त्वाचं वाटत होतं. आज अंगणवाडी सेविकेला सरकार पगार देत नाही, 'मानधन' देतं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्यावर पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या उपचारांसाठी पाठवणं, आरोग्य-पोषण शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवांचा भार आला. शिकवणं हे त्या सहांतलं एक. त्यात आता मोबाइलवर रोजची माहिती भरायची. ग्रॅच्युइटी आपल्यालाही लागू आहे, हे ठरायला एप्रिल २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस मानधनवाढीसाठी बेमुदत संपावर गेल्या. त्या आठवड्यांत 'खेळातून शिक्षण'वर आग्रहाने बोलणाऱ्यांपैकी किती जण त्यांच्या बाजूने उभे राहिले? बालशिक्षणाच्या पद्धतीवरची त्या वर्षातली सर्वांत महत्त्वाची चर्चा तीच होती, आणि आपण तिला कामगारांचा प्रश्न समजून बाजूला ठेवलं.

हा माझा भावनिक आग्रह नाही. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांमध्ये एक प्रयोग झाला. निम्म्या ठिकाणी पूर्वशालेय शिक्षणासाठी अर्धवेळ एक जादा कार्यकर्ती दिली, बस्स. शिकवण्याला मिळणारा वेळ दुपटीच्या घरात गेला, मुलांचं भाषेचं आणि गणिताचं शिक्षण सुधारलं, आणि आधीच्या सेविकेला आहार-आरोग्याकडे लक्ष देता आल्यामुळे गंभीर खुरटलेपण आणि कुपोषणही कमी झालं. कोणत्याही नव्या पद्धतीचा झेंडा नव्हता, फक्त दोन हात जास्त होते. उलट अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने आपला पूर्वप्राथमिक कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला आणि सहावीपर्यंत मागोवा घेतला, तेव्हा त्यात गेलेली मुलं न गेलेल्या मुलांपेक्षा मागे पडलेली आढळली. बालवाडी या नावात आपोआप काही भलं नसतं, हे त्यातून शिकायला हवं, आणि 'लवकर घाला म्हणजे पुढे जाईल' म्हणणाऱ्या मुंबईकर पालकांनी तर नक्कीच.

तेव्हा येत्या प्रवेशाच्या वेळी पालकांनी 'तुमची पद्धत कोणती' हे विचारू नये, त्याचं उत्तर छापील असतं. वर्गात किती मुलं आणि किती मोठी माणसं? गेल्या वर्षीच्या ताई याही वर्षी आहेत का, की दर जूनला नवा चेहरा? माझं मूल घरच्या भाषेत बोललं तर चालेल का? ताईंना एखादी गोष्ट जमत नाही असं वाटलं तर त्या स्वतःहून बदलू शकतात, की वरून आलेला तक्ता पुरा करावा लागतो? शेवटच्या प्रश्नाला मुख्याध्यापिका अडखळल्या तर भिंतीवरच्या रंगीत चित्रांकडे पाहून मत बनवू नका. आणि शक्य असेल तर हा प्रश्न मुख्याध्यापिकांच्या गैरहजेरीत ताईंनाच विचारा.

महापालिकेच्या बालवाड्यांसाठी माझी मागणी याहून साधी आहे. आठवड्यातून दोन तास मुलांशिवायचे हवेत, पगारी. वॉर्डातल्या पंधरा-वीस ताईंनी एका शाळेच्या खोलीत बसावं, प्रत्येकीने आपल्या वर्गातल्या एका मुलाबद्दल बोलावं: काय जमतंय, कुठे अडलंय, मी काय करून पाहिलं. समोर एखादी अनुभवी ताई असावी, जी पुढच्या आठवड्यात त्या वर्गात जाऊन बसेल. अंड्यांच्या ट्रेची युक्ती आज गोवंडीतल्या त्या एका खोलीत आहे. ती शेजारच्या बालवाडीतल्या ताईला कळायची कशी? तिने ती शासन निर्णयात वाचावी, की शनिवारी दुपारी बाजूला बसलेल्या बाईकडून ऐकावी? प्रशिक्षणाच्या नावाखाली वर्षातून एकदा मोठ्या सभागृहात दिवसभर स्लाइड दाखवण्यावर जो खर्च होतो, तो आधी इकडे वळवावा. आणि त्या दोन तासांत कोणी अधिकारी येऊन माहिती भरून घेणार नाही, एवढं लेखी द्यावं.